विचारा बिनधास्त : पुढचा गडी 'टाकून' आलाय वाटतं!

रात्रीच्या ड्रायव्हिंगबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. मला वाटलं हेडलाइट, झोप, धुकं असलं काहीतरी येईल, पण बऱ्याच पत्रांत एकच रडगाणं, पुढचा पिऊन चालवतोय असं वाटलं तर आपण करायचं काय. मग म्हटलं या खेपेला बाकी सगळं बाजूला, हेच घेऊ.

प्रश्न : परवा रात्री हायवेनं घरी येत होतो, बायको शेजारी, पोरगी मागे झोपलेली. पुढे एक पांढरी गाडी होती, कधी या लेनमध्ये कधी त्या, एकदा तर डिव्हायडरला घासता घासता वाचली, मधेच एकदम स्लो आणि मधेच सुसाट. पिलेलाच होता, शंभर टक्के. मी बराच वेळ मागे राहून डिपर मारले, हॉर्न दिले, शेवटी ओव्हरटेक करून हातानं थांब थांब केलं तर त्यानं शिव्या दिल्या आणि उलटा माझ्याच मागे लागला. बायको म्हणते तुम्हाला काय पडलंय नसत्या भानगडीत. मी म्हणतो कुणीतरी अडवायला नको का? कोण बरोबर?

उत्तर : वहिनी निम्म्या बरोबर, तुम्ही निम्मे बरोबर, पण तुम्ही जे केलंत ते मात्र पूर्ण चूक, रागावू नका.

कुणीतरी अडवायला हवं हे खरंच आहे. पण ते 'कुणीतरी' म्हणजे पोलिस. त्यांच्याकडे दिवा असलेली गाडी असते, वायरलेस असतो, मशीन असतं, अधिकार असतो. तुमच्याकडे काय होतं तर मागे झोपलेली पोरगी. आणि जरा त्या माणसाच्या बाजूनं बघा, म्हणजे तो खरंच प्यायला असेल असं धरून. दारूनं काय होतं तर रिअ‍ॅक्शन उशिरा येते, एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष राहत नाही, आणि अक्कल सगळ्यात आधी जाते, वर आपली अक्कल शाबूत आहे याची खात्री मात्र वाढते. अशा माणसाच्या आरशात तुम्ही मागून डिपर मारले, त्याचे डोळे दिपले. हॉर्न मारला, तो दचकला आणि स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवलं. ओव्हरटेक करून पुढे गेलात म्हणजे ज्याचा ब्रेक उशिरा लागणार त्याच्याच पुढ्यात जाऊन बसलात. त्यात हातवारे. त्याला ते 'थांब बाबा' असं दिसलं नसणार, 'ये बघू' असंच दिसलं असणार.

मग करायचं काय, तर सगळ्यात आधी मागे राहायचं. नुसतं मागे नाही, चांगलं लांब. एरवी आपण पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा म्हणतो, म्हणजे पुढची गाडी ज्या खांबापाशी दिसली त्या खांबापाशी आपण दोन सेकंदांनी पोचायचं. अशा गाडीमागे ते दुप्पट करा, जमलं तर आणखी वाढवा. ताशी ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते, म्हणजे चार सेकंद झाले जवळजवळ ९० मीटर. ऐकायला खूप वाटतं, पण तो विनाकारण रस्त्याच्या मधोमध थांबला, आणि असे लोक थांबतात, तर तेवढी जागा तुम्हाला लागणारच आहे. मागचे लोक हॉर्न वाजवतील, वाजवू देत, घाई असलेल्यांना जाऊ देत.

दुसरं, फोन. तो वहिनींनी लावायचा, तुम्ही नाही. एकटे असाल तर हँड्सफ्रीवर लावा किंवा पंप, ढाबा, टोल असं काहीतरी बघून नीट बाजूला घ्या आणि मग लावा. चालवता चालवता नंबर दाबत बसलात तर रस्त्यावर लक्ष नसलेले ड्रायव्हर दोन झाले. नंबर भारतात ११२, युरोपातही तोच, अमेरिका कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९.

फोनवर काय बोलायचं ते जरा सविस्तर सांगतो कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. लोक सुरुवात करतात 'अहो इथे एक बेवडा आहे, काहीतरी करा हो' आणि पुढचं एक मिनिट ऑपरेटर विचारतोय कुठे आणि हे सांगतायत कसा. सगळ्यात आधी जागा सांगा, कारण फोन कट झाला तरी निदान जागा तरी पोचलेली असते. कुठला रस्ता, कुठून कुठे चाललाय, आत्ता काय मागे पडलं. हायवेला किलोमीटरचे दगड किंवा पाट्या असतात, त्यावरचा आकडा म्हणजे सोनं. मग गाडी : रंग, कार का टेम्पो का बाइक, नंबर. पूर्ण नंबर दिसला नाही तर शेवटचे चार आकडे आणि रंग एवढ्यानंही बरंच काम होतं. नंबर दिसल्या दिसल्या मोठ्यानं म्हणा, दोन-तीनदा म्हणा, शेजारच्याला टाइप करायला लावा, नाहीतर पाच मिनिटांनी ७ चा १ झालेला असतो. आणि मग जे दिसलं ते. म्हणजे असं :

'हायवेवर आहे, शहरातून बाहेर जाणारी बाजू, किलोमीटर ४२ चा दगड आत्ता गेला. पांढरी हॅचबॅक, शेवटचे आकडे अमुक. दोनदा डिव्हायडरच्या अगदी जवळ गेली, विनाकारण स्लो होते आणि परत पळते. मी मागे लांबून येतोय.'

बास. यात 'पिलेला आहे' हे वाक्यच नाहीये बघा. वाटलं तर शेवटी 'दारू प्यायला असावा असं वाटतंय' म्हणा, पण ते तुमचं वाटणं आहे. गाडी डिव्हायडरला लागता लागता राहिली हे तुमचं बघणं आहे, आणि पोलिसांना ते बघणं जास्त कामाचं असतं.

याचा एक खरा किस्सा आहे, अमेरिकेतला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात कुणीतरी ९११ ला फोन करून सांगितलं की एका चंदेरी पिकअपनं मला रस्त्याबाहेर ढकललं, नंबर हा, जागा ही, त्या दिशेला गेली. पोलिसांना पिकअप सापडली, पाच मिनिटं मागे राहिले तर चांगली सरळ चालली होती, तरी थांबवली, आणि मागच्या हौद्यात निघाला १३-१४ किलो गांजा! केस पार सुप्रीम कोर्टात गेली, नॅव्हारेट विरुद्ध कॅलिफोर्निया, २०१४. प्रश्न एवढाच होता की फोन करणाऱ्याचं नाव गाव माहीत नसताना नुसत्या त्या फोनवर गाडी थांबवायची का. पाच विरुद्ध चार मतांनी कोर्ट म्हणालं चालेल, आणि त्यात मोठं कारण हे की फोन करणाऱ्यानं नेमकी गाडी, नेमकी जागा आणि स्वतःच्या बाबतीत घडलेली गोष्ट सांगितली होती. चार न्यायाधीशांना ते पटलं नव्हतं हेही सांगतो, आणि मला त्यांचंही म्हणणं थोडं पटतं, नाहीतर उद्या कुणीही शेजाऱ्याचा सूड फोनवरून उगवेल. पण म्हणूनच म्हणतो, दिसलं तेच सांगा, तिखटमीठ नको.

फोन झाल्यावर तुमचा रस्ता तोच असेल तर लांबून नजर ठेवायला हरकत नाही, तो फाट्याला वळला तर परत फोन करून सांगा. पण त्याच्यासाठी स्पीड वाढवायचा नाही, सिग्नल तोडायचा नाही आणि त्याच्या मागे स्वतःचा रस्ता सोडायचा नाही. ऑपरेटर मागे जाऊ नका म्हणाला तर तिथे विषय संपला.

आणि तो तुमच्या मागे लागला तेव्हा? तुम्ही लिहिलं नाहीत पण मला वाटतं तुम्ही गाडी पळवली असणार. तसं करू नये, कारण तोही पळवतो. स्पीड हळूहळू कमी करा, बाजू द्या, जाऊ दे पुढे. गेला नाही आणि चिकटूनच राहिला तर घराकडे अजिबात वळायचं नाही, माणसं आणि उजेड असलेल्या ठिकाणी किंवा सरळ पोलिस चौकीला न्यायची गाडी, काचा वर, दारं लॉक, खाली उतरायचं नाही.

प्रश्न : तो समोरून आपल्याच लेनमध्ये येत असेल तर?

उत्तर : इथे मात्र हॉर्न आणि लाइट दोन्ही वाजवा-मारा, कारण त्याला जागं करणं हाच उपाय आहे. स्पीड पटकन खाली आणा आणि आपल्या बाजूच्या कडेला, गरज पडली तर रस्त्याच्या खाली घ्या. त्याच्या रिकाम्या लेनमध्ये घुसायचा मोह होतो, तो टाळा. शेवटच्या क्षणाला त्याला भान येतं आणि तो आपल्या लेनला परत जातो, आणि तुम्ही तिथेच असता.

प्रश्न : पण समजा तो प्यायलेला नसेलच तर? माझ्या फोनमुळे एखाद्या चांगल्या माणसाला त्रास झाला तर मला झोप नाही लागणार. नक्की ओळखायचं कसं?

उत्तर : नक्की ओळखायचं नाहीच. ते तुमचं काम नाही ताई, आणि मला वाटतं सगळा घोटाळा इथेच होतो, लोक खात्री होईपर्यंत थांबतात आणि ती रस्त्यावरून कधीच होत नाही. पोलिसांचीही होत नव्हती. आधी सगळा कारभार वास घेऊन, सरळ रेषेत चालायला लावून चालायचा. १९३० च्या दशकात अमेरिकेत रोला हार्गर यांनी 'ड्रंकोमीटर' काढला, त्यात फुग्यात फुंकायला लावायचे, आणि १९५४ मध्ये रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी ब्रेथलायझर बनवला जो गाडीत घालून नेता यायला लागला. समोर उभ्या असलेल्या माणसाची खात्री करायला मशीन लागतं, तर ९० मीटर लांबून फक्त मागचे लाइट दिसणाऱ्या माणसाची तुम्ही काय करणार.

तरी खुणा असतात. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा खात्यानं पोलिसांसाठी २४ खुणांची यादी केलीय आणि ती वाचली की 'अरे हो, हे तर पाहिलंय' असं होतं. गाडी झुलणं, लेनच्या पट्टीवर दोन्हीकडे पाय टाकून चालणं, वळण उगाच मोठं घेणं, हे सगळ्यांना माहितीय. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतात त्या शांत खुणा : रात्री हेडलाइटच न लावणं, सिग्नल हिरवा झाला तरी कितीतरी वेळ तसंच उभं राहणं, थांबायच्या रेषेच्या फार अलीकडे किंवा पार पुढे झटक्यानं थांबणं, आणि रिकाम्या रस्त्यावर अगदी गोगलगायीसारखं हळू चालवणं. पिणारा नेहमी सुसाटच जातो असं नाही, आपण प्यायलोय हे माहीत असलेला माणूस कधी कधी फार सांभाळून चालवायला बघतो आणि तेच नजरेत येतं.

आता गंमत बघा, त्यांच्याच हिशोबात रात्री गाडी झुलतेय आणि सोबत आणखी एक खूण दिसली तर तो प्यायलेला असण्याची शक्यता शंभरात किमान ६५. म्हणजे ट्रेनिंग घेतलेल्या पोलिसानंही उरलेल्या वेळी दुसरं काहीतरी निघू शकतं हे धरूनच चालायचं. ते दुसरं काय असू शकतं? झोप, एक नंबर. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी 'नेचर'मध्ये छापलेल्या प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्राम दारू असलेल्याइतकं घसरलेलं निघालं, आणि २४ तास जागरण म्हणजे १०० मिलिग्रामच्या आसपास. डायबेटिसवाल्याची शुगर खाली गेली की घाम, थरथर, जीभ जड, बोलणं असंबद्ध, बघणारा म्हणतो टल्ली आहे. उलट शुगर फार वाढून कीटोअ‍ॅसिडोसिस झाला, म्हणजे रक्तात आम्ल साठलं, की तोंडाला फळासारखा, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, त्याला लोक दारूचा वास समजतात. स्ट्रोक असू शकतो. मोबाइलवर रील बघणारा शहाणा असू शकतो.

पण विचार करा, यातल्या कुणाला थांबवायला नकोय? शुगर पडलेल्या माणसाला तर प्यायलेल्यापेक्षा जास्त घाईनं मदत हवीय. म्हणून म्हटलं, फोनवर गाडी काय करतेय तेवढं सांगा, ते शंभर टक्के खरं असतं, आणि मग पुढे निघालं काहीही तरी तुम्ही कुणावर आळ घेतलेला नसतो. त्या चांगल्या माणसाला त्रास झालाच तर मशीनमध्ये एकदा फुंकण्याचा.

प्रश्न : मिस्टरांनी असल्याच एका गाडीचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या आणि फॅमिलीच्या ग्रुपवर टाकला, नंबरसकट. पोलिसांपर्यंत पोचेल ना?

उत्तर : मावशींपर्यंत पोचेल, पोलिसांपर्यंत नाही. म्हणजे उद्या-परवा पोचलाही, पण गाडी आत्ता रस्त्यावर आहे. व्हिडिओ काढायचाच तर शेजारच्यानं काढावा, आणि फोन आधी. ग्रुपवर नंबरसकट टाकू नका, वर लिहिलेली शुगरची गोष्ट आठवा, एखाद्या आजारी माणसाचं नाव 'बेवडा' म्हणून गावभर झालं तर ते परत घेता येत नाही. डॅशकॅम असेल तर घरी पोचायच्या आधीच क्लिप लॉक करून ठेवा, ते बटण त्यासाठीच असतं, नाहीतर कॅमेरा जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन चढवत जातो आणि हवं तेच पुसलं जातं.

प्रश्न : मी कॅबमध्ये बसल्यावर कळलं की ड्रायव्हरच्या तोंडाला वास येतोय. रात्रीची वेळ, एकटी मुलगी. मी जीव मुठीत धरून घरापर्यंत गेले. काय करायला हवं होतं?

उत्तर : सुखरूप पोचलीस ना, मग झालं. पुढच्या वेळेसाठी सांगतो. बसायच्या आधी कळलं तर बसायचंच नाही, कॅन्सलेशन चार्ज लागू दे. बसल्यावर कळलं तर 'तुम्ही प्यायलायत' हे वाक्य चालत्या गाडीत बोलू नकोस, त्यातून भांडण निघतं आणि भांडणारा प्यायलेला ड्रायव्हर म्हणजे कठीण काम. 'दादा, मला उलटी होतेय, जरा थांबवा' म्हण. सीटवर उलटी होणार म्हटल्यावर थांबत नाही असा ड्रायव्हर मी तरी पाहिला नाही. फक्त कुठे थांबायचं ते तू ठरव, दुकानं, पंप, माणसं दिसली की मगच मळमळायला लागू दे. बॅग हातात घेऊनच उतर, परत बसू नकोस, घरी लाइव्ह लोकेशन पाठव आणि मग ११२ आणि कंपनीत तक्रार. तोवर बेल्ट लावलेला हवा, मागच्या सीटवरही. आणि काहीही झालं तरी मागून स्टिअरिंगला किंवा हँडब्रेकला हात घालायचा नाही, स्पीडमध्ये हँडब्रेक ओढला की मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते.

प्रश्न : पिणारा परका नाही, माझा सख्खा मामा आहे. प्रत्येक कार्यक्रमात पितो आणि 'मला काही होत नाही, दोन कॉफी मारल्या की झालं' म्हणत सगळ्यांना गाडीत घालतो. मी लहान, कोण ऐकणार माझं?

उत्तर : कॉफीचं आधी निस्तरू. कॉफीनं मामा जागा राहतो, दारू आहे तिथेच राहते. लिव्हर रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे तासाला साधारण १५ मिलिग्रामच्या हिशोबानं ती कमी करतं, थोडं इकडेतिकडे, आणि त्याला घाई करता येत नाही, ना कॉफीनं ना थंड पाण्याच्या आंघोळीनं. मामा १२० वर असेल आणि लिमिट भारतासारखी ३० ची असेल तर खाली यायला सहा तास. इंग्लंडमध्ये लिमिट ८० आहे, युरोपात बऱ्याच ठिकाणी ५०, पण गाडीला काय त्याचं, ती लिमिट बघून ठोकत नाही. शिवाय पिऊन झाल्यावरही अर्धा ते दीड तास रक्तातलं प्रमाण चढतच असू शकतं, म्हणजे निघताना बरा वाटणारा मामा वाटेत जास्त चढलेला असतो.

आता मामाचं. त्याला किती चढलीय यावर वाद घालू नकोस, तो तू हरणार, प्यायलेल्या माणसाशी त्या विषयावर कुणीच जिंकत नाही. किल्लीचं आधीच बघ, म्हणजे बाटली उघडायच्या आधी. 'मामा, मला गाडी काढायचीय, किल्ली दे' म्हणून घे आणि लायसन असलेल्या न पिणाऱ्या कुणाकडे तरी दे. घरात त्याचं एकाच माणसाचं चालत असेल, आजी असेल, मामी असेल, तिला आधी गाठ. तेही जमलं नाही तर तू बसू नकोस आणि लहान भावंडांना बसू देऊ नकोस, 'मी मावशीबरोबर येते' एवढंच, भाषण नको. पोरंच बसेनात म्हटल्यावर मोठ्यांना विचार करावा लागतो, आणि नाही केला तर निदान तुम्ही तरी त्या गाडीत नसता. मामा तरीही एकटा निघालाच तर? तर त्याच्याही गाडीचा नंबर तुला पाठ असेलच. मला माहितीय हे लिहायला सोपं आहे. पण तुला विचारायचं होतं तेच हे होतं असं पत्रावरून वाटलं म्हणून लिहिलं.

प्रश्न : सिग्नलला एक जण गाडी चालू ठेवून स्टिअरिंगवर मान टाकून झोपलेला. लोक काचेवर थापा मारत होते, एकानं खिडकीतून हात घालून किल्ली काढायचा प्रयत्न केला. बरोबर का?

उत्तर : धोक्याचं आहे. गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय ब्रेकवर असेल, तर दचकून उठला की पाय सुटतो आणि गाडी तुमचा हात घेऊन पुढे जाते. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणी उभं राहायचं नाही, आपली गाडी लांब मागे लावून हझार्ड चालू करायचे आणि पोलिस नि अ‍ॅम्ब्युलन्स दोन्हीला फोन, कारण ही झोप आहे का बेशुद्धी ते बाहेरून कळत नाही. बाजूनं काचेतून बघा, श्वास चालू आहे का, घाम फुटलाय का. छाती हलत नसेल तर मग मात्र थांबून चालणार नाही, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, बाहेर काढा आणि फोनवरचा माणूस सांगेल तसं करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका, घशात अडकतं.

प्रश्न : मी फोन केला होता. पण पुढे त्या गाडीचं काय झालं ते कुणी कळवलंच नाही. मग कशाला करायचा?

उत्तर : सहसा नाहीच कळवत, एवढे फोन येतात तिथे. कधी गाडी सापडते, कधी आधीच्या फाट्याला वळलेली असते, कधी माणूस घरी पोचून झोपलेलाही असतो. साक्षीसाठी विचारायला फोन येऊ शकतो, म्हणून घरी गेल्यावर काय दिसलं ते चार ओळींत लिहून ठेवा, वेळ कॉल लॉगमध्ये असतेच, त्याचा स्क्रीनशॉट काढला की झालं.